पदवीस्तरावरील पर्यावरण अभ्यासक्रम आणि क्षेत्रकार्य : एक विवेचन

प्रस्तावना

भारतातील कला, वाणिज्य, विज्ञान, अभियांत्रिकी अथवा विधी यांपैकी कोणत्याही शाखेचा पदवीधर आज एका समान विषयाच्या परीक्षेला सामोरा जातो. तो विषय म्हणजे पर्यावरण अभ्यास. भाषा वगळता इतक्या व्यापक प्रमाणावर शिकविला जाणारा दुसरा विषय उच्च शिक्षणात क्वचितच आढळेल. असे असूनही विद्यार्थ्यांच्या लेखी तो ‘केवळ उत्तीर्ण होण्यापुरता’ विषय ठरला आहे आणि अध्यापकांच्या लेखी कार्यभाराच्या तक्त्यात शेवटी उरलेल्या तासिकांचा. हवामानबदल, ऊर्जेची वाढती मागणी आणि पाण्याची टंचाई हे प्रश्न दैनंदिन जीवनात शिरले असताना या प्रश्नांसाठीच निर्माण झालेला अभ्यासक्रम उपेक्षित राहावा, ही विसंगती विचार करण्याजोगी आहे.

प्रस्तुत लेखात या अभ्यासक्रमाची पार्श्वभूमी व रचना स्पष्ट करून त्यातील क्षेत्रकार्य या घटकाचे महत्त्व विशद केले आहे. क्षेत्रकार्य हा अभ्यासक्रमाचा शेवटचा घटक असला, तरी शिक्षणाला संशोधनाशी जोडणारा तोच एकमेव दुवा आहे आणि महाविद्यालयाचे स्वतःचे आवार हे त्याचे सर्वांत सुलभ क्षेत्र आहे, हे या लेखाचे प्रमुख प्रतिपादन होय.

१. सक्तीमागील पार्श्वभूमी

पर्यावरण शिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय विचाराला १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेने चालना दिली. १९७७ मध्ये युनेस्को व संयुक्त राष्ट्रसंघाचा पर्यावरण कार्यक्रम यांच्या वतीने तिबिलिसी येथे भरलेल्या परिषदेने पर्यावरण शिक्षणाची पाच उद्दिष्टे निश्चित केली : जाणीव, ज्ञान, दृष्टिकोन, कौशल्ये आणि सहभाग. यांपैकी पहिली दोन उद्दिष्टे व्याख्यानाने व पाठ्यपुस्तकाने काही अंशी साध्य होऊ शकतात. कौशल्ये आणि सहभाग मात्र प्रत्यक्ष कृतीवाचून साध्य होत नाहीत. पुढील विवेचनाच्या दृष्टीने हा भेद महत्त्वाचा आहे.

भारतात १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने पर्यावरणाचे संरक्षण व संवर्धन हे अनुच्छेद ४८-क अन्वये राज्याचे मार्गदर्शक तत्त्व, तर अनुच्छेद ५१-क (छ) अन्वये नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरले. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शाळा व महाविद्यालयांच्या अध्यापनात पर्यावरणीय जाणिवेचा अंतर्भाव करण्यावर भर दिला. तथापि हा विषय प्रत्येक विद्यार्थ्यापर्यंत पोहोचला तो न्यायालयाच्या आदेशामुळे. विधिज्ञ एम. सी. मेहता यांनी दाखल केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी निर्णय दिला. चित्रपटगृहांत पर्यावरणविषयक संदेश दाखविणे, आकाशवाणी व दूरदर्शनवरून माहिती प्रसारित करणे यांसह शाळा-महाविद्यालयांत पर्यावरण हा सक्तीचा विषय करण्याबाबत पावले उचलण्याचा निर्देश त्या निर्णयात होता. कायद्याचे पालन दंडाच्या भीतीने नव्हे, तर समज असलेल्या समाजाकडून होते, हा विचार या निर्णयामागे होता.

प्रत्यक्ष अंमलबजावणीला मात्र एका तपाचा कालावधी लागला. २००३ मध्ये न्यायालयाने याबाबत पुन्हा लक्ष घातले आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवी वर्गांसाठी एक समान अभ्यासक्रम तयार केला. त्यासाठीचे पाठ्यपुस्तक पुणे येथील भारती विद्यापीठाच्या पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्थेतील डॉ. एराक भरुचा यांनी लिहिले, हे महाराष्ट्राच्या दृष्टीने उल्लेखनीय होय.

२. अभ्यासक्रमाची रचना

आयोगाच्या या मूळ अभ्यासक्रमात ५० तासिका व ८ घटक होते. पर्यावरण अभ्यासाचे बहुविद्याशाखीय स्वरूप (२ तासिका), नैसर्गिक संसाधने (८), परिसंस्था (६), जैवविविधता व तिचे संवर्धन (८), प्रदूषण (८), सामाजिक प्रश्न व पर्यावरण (७), मानवी लोकसंख्या व पर्यावरण (६) आणि क्षेत्रकार्य (५) अशी त्यांची विभागणी होती. १०० गुणांपैकी २५ गुण लघुत्तरी प्रश्नांना, ५० गुण दीर्घोत्तरी प्रश्नांना आणि २५ गुण क्षेत्रकार्याला होते.

या विभागणीकडे बारकाईने पाहिल्यास दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली अशी की, हवामानबदलाला स्वतंत्र घटक नव्हता. ‘सामाजिक प्रश्न’ या घटकात आम्लवर्षा, ओझोनचा क्षय व अणुदुर्घटना यांच्यासमवेत एका ओळीत त्याचा उल्लेख होता. ऊर्जेचा विचार संसाधनांच्या घटकात एक उपविभाग म्हणून होता. दुसरी गोष्ट अशी की, क्षेत्रकार्याला एकूण तासिकांच्या एक दशांश वेळ, परंतु एकूण गुणांच्या एक चतुर्थांश गुण देण्यात आले होते. म्हणजेच अभ्यासक्रम तयार करणाऱ्या समितीच्या दृष्टीने क्षेत्रकार्याचे मोल त्याला दिलेल्या तासिकांहून पुष्कळ अधिक होते. नदी, वन, गवताळ प्रदेश अथवा टेकडी यांची नोंद, स्थानिक प्रदूषित स्थळाची पाहणी, परिचित वनस्पती-कीटक-पक्षी यांचा अभ्यास आणि तळे, ओढा, डोंगरउतार अशा साध्या परिसंस्थांचा अभ्यास ही त्याची चार अंगे सांगितली होती.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ला अनुसरून आयोगाने २०२३ मध्ये पदवीस्तरावरील पर्यावरण शिक्षणाची नवी चौकट प्रसिद्ध केली. ४ श्रेयांकांच्या या चौकटीत हवामानबदलाचे परिणाम, अनुकूलन व उपशमन यांना स्वतंत्र घटक मिळाला आहे. व्यष्टी अध्ययन व क्षेत्रकार्य यांचाही स्वतंत्र घटक आहे. आशयाच्या दृष्टीने ही निश्चितच प्रगती होय. परंतु क्षेत्रकार्य प्रत्यक्षात कसे होते, हा प्रश्न आशय बदलल्याने आपोआप सुटत नाही.

३. क्षेत्रकार्य मागे का पडले?

ज्या अध्यापकांनी हा विषय शिकविला आहे, त्यांना पुढील चित्र अपरिचित वाटणार नाही. एका वर्गात शंभराहून अधिक विद्यार्थी असतात. विषय कोणत्याही एका विभागाचा नसल्यामुळे तो कधी भूगोलाच्या, कधी वनस्पतिशास्त्राच्या, तर कधी तासिका तत्त्वावरील अध्यापकाकडे येतो. सहलीसाठी निधी नसतो आणि वेळापत्रकात सलग वेळ नसतो. सत्राच्या अखेरीस ‘जलप्रदूषण’, ‘जागतिक तापमानवाढ’ अशा शीर्षकांचे प्रकल्प अहवाल जमा होतात. महाविद्यालयासमोरील झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळणारा मजकूर, वर्षानुवर्षे तीच छायाचित्रे आणि स्पायरल बाइंडिंग एवढेच त्यांचे स्वरूप असते. २५ गुण दिले जातात. परंतु विद्यार्थी ज्या नदीविषयी लिहितो, त्या नदीच्या काठावर तो गेलेला नसतो.

यात केवळ विद्यार्थ्याला अथवा अध्यापकाला दोष देणे अन्यायाचे होईल. न्यायालयाच्या आदेशाने विषय सक्तीचा केला, आयोगाने त्याचा आशय ठरविला. परंतु मनुष्यबळ, वेळ आणि साधने यांची तरतूद महाविद्यालयांवर सोडली गेली. ज्या घटकाला या तिन्हींची सर्वाधिक गरज होती, तोच सर्वप्रथम औपचारिक झाला, हे स्वाभाविक होते.

येथेच आणखी एक विसंगती दिसून येते. २०१७ मध्ये राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेने सुधारित केलेल्या मूल्यांकन चौकटीत हरित परीक्षण, ऊर्जा परीक्षण व पर्यावरण परीक्षण यांना स्थान मिळाले. त्यासाठी अनेक महाविद्यालये बाहेरील सल्लागारांकडून शुल्क देऊन अहवाल तयार करून घेतात. म्हणजे एकीकडे आवारातील वीज, पाणी व वृक्ष यांचे मोजमाप बाहेरची संस्था करते आणि दुसरीकडे त्याच आवारात बसून विद्यार्थी दूरच्या प्रदूषणावरील मजकूर उतरवून काढतात. बाह्य परीक्षणाची औपचारिक गरज असेल तेथे ती मान्य केली, तरी त्यासाठी लागणारी मूळ नोंद विद्यार्थ्यांनी का करू नये, हा प्रश्न उरतोच.

४. संशोधनाची परंपरा काय सांगते?

‘पदवीच्या विद्यार्थ्यांचे मोजमाप म्हणजे संशोधन नव्हे’, असा आक्षेप येथे घेतला जाऊ शकतो. त्याचा विचार करण्यासाठी हवामान, ऊर्जा व पर्यावरण या तीन क्षेत्रांतील विद्यापीठीय संशोधनाचे प्रत्येकी एक उदाहरण उपयुक्त ठरेल.

पहिले उदाहरण हवामानाचे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेतील चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी १९५८ मध्ये हवाई बेटावरील मौना लोआ येथे वातावरणातील कार्बन डायऑक्साइड मोजण्यास आरंभ केला. त्या वेळी त्याचे प्रमाण दशलक्ष भागांत सुमारे ३१५ होते. २०२४ मध्ये ते ४२० च्या पुढे गेले. या कार्याचे महत्त्व उपकरणाच्या अचूकतेइतकेच सातत्यात आहे. एका वर्षाच्या नोंदीतून ऋतुमानाप्रमाणे होणारा चढउतार दिसला. अनेक वर्षांच्या नोंदीतून मानवनिर्मित वाढ सिद्ध झाली. एकाच ठिकाणी, एकाच पद्धतीने, दीर्घकाळ केलेली नोंद हीच मौल्यवान ठरते, हा त्यातील बोध होय.

दुसरे उदाहरण ऊर्जेचे. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. अमूल्य रेड्डी यांनी १९७४ मध्ये ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञान विकसित करणारे ‘अस्त्र’ हे केंद्र सुरू केले. या केंद्राने कर्नाटकातील काही गावांत ऊर्जेच्या वापराचे घरोघरी सर्वेक्षण केले. विजेच्या व रॉकेलच्या जोडीने सरपण, जनावरांचे श्रम आणि माणसांचे श्रमही त्यात मोजले गेले. सरपण गोळा करण्यात आणि पाणी भरण्यात स्त्रिया व मुले किती वेळ घालवितात, हे त्यामुळे आकड्यांत दिसू लागले. त्यांपैकी पुरा या गावी सामूहिक बायोगॅस संयंत्र उभारण्यात आले. स्वयंपाकासाठी गॅस पुरविण्याची मूळ योजना यशस्वी झाली नाही. तेव्हा गावाची निकड लक्षात घेऊन १९८७ पासून त्याच गॅसवर इंजिन चालवून पिण्याचे पाणी व घरगुती दिव्यांसाठी वीज देण्यात आली. मोजमापाइतकेच, ज्यांच्याविषयी मोजमाप होते त्यांना विचारणे आवश्यक असते, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

तिसरे उदाहरण महाविद्यालयांना सर्वांत जवळचे आहे. प्रा. माधव गाडगीळ व प्रा. वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास केला. लोकांच्या श्रद्धेने राखलेली वने ही जैवविविधतेची आश्रयस्थाने आहेत, हे त्यातून पुढे आले. पुढे १९९० च्या दशकात पश्चिम घाटातील जैवविविधतेच्या नोंदींसाठी गाडगीळ यांनी महाविद्यालयीन अध्यापक व विद्यार्थी यांना सहभागी करून घेतले. याच काळात लोकांच्या जैवविविधता नोंदवह्यांची कल्पना विकसित झाली आणि जैवविविधता कायदा २००२ व त्याखालील २००४ चे नियम यांद्वारे तिला वैधानिक स्थान मिळाले. पदवी महाविद्यालये संशोधनाची भागीदार होऊ शकतात, याचे हे देशी उदाहरण होय.

५. महाविद्यालयाचे आवार : एक अभ्यासक्षेत्र

वरील तिन्ही उदाहरणांतील तत्त्वे, म्हणजे सातत्य, लोकांशी संवाद आणि स्थानिक नोंद, महाविद्यालयाच्या आवारात अल्प खर्चात आचरणात आणता येतात. त्यासाठी पुढील चार विषय सुचविता येतील. त्यांतील संख्या पद्धत स्पष्ट करण्यासाठी गृहीत धरल्या आहेत.

(अ) वीज : कार्यालयातून मागील बारा महिन्यांची वीजदेयके घेऊन एकूण युनिट काढावेत. भारतातील विद्युत जाळ्यातून एक युनिट वीज मिळते, तेव्हा सरासरी सुमारे ०.७ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन होते. एखाद्या महाविद्यालयाचा वार्षिक वापर ४०,००० युनिट असेल, तर त्याचे उत्सर्जन सुमारे २८ टन होईल. यानंतर वर्गांतील पंखे व दिवे मोजावेत. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॅट वीज घेतो, नव्या कार्यक्षम पंख्याला ३० वॅट पुरतात. असे १०० पंखे बदलल्यास, दिवसाला ६ तास व वर्षाला २०० दिवस या हिशेबाने ५,४०० युनिटची बचत होते. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी याच आकड्यांवरून गुंतवणूक किती वर्षांत वसूल होईल, हे काढू शकतो. सौर संच बसविण्यापूर्वी अपव्यय थांबविणे स्वस्त पडते काय, या प्रश्नाचे उत्तर त्याला पुस्तकात शोधावे लागत नाही.

(आ) पाणी : एक चौरस मीटर क्षेत्रावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. हे सूत्र कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्याला समजते. १,००० चौरस मीटरच्या छतावर वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस पडल्यास ७ लाख लिटर पाणी पडते. त्यातील ८० टक्के साठविता आले, तरी ५ लाख ६० हजार लिटर होते. महाविद्यालयाचा रोजचा वापर टाकीच्या मापावरून काढून त्याच्याशी तुलना केल्यास पाण्याचा ताळेबंद तयार होतो. साधे पर्जन्यमापक उघड्या जागी बसवून भारतीय हवामान विभागाच्या प्रथेप्रमाणे रोज सकाळी ८.३० वाजता नोंद घेतल्यास, काही वर्षांत त्या गावाची पावसाची स्वतःची नोंदवही उभी राहते.

(इ) वृक्ष व ऋतू : आवारातील पळस, बहावा, आंबा, कडुनिंब अशा वृक्षांना क्रमांक देऊन पालवी, मोहोर, फुले व फळे यांच्या तारखा दर आठवड्याला लिहाव्यात. एका वर्षाच्या तारखांना फारसा अर्थ नसतो. दहा वर्षांच्या तारखा पावसाच्या व तापमानाच्या नोंदीशेजारी ठेवल्यास त्या बोलू लागतात. मराठी विभागाचे विद्यार्थी याच वृक्षांची स्थानिक नावे, म्हणी व उपयोग गोळा करू शकतात; इतिहासाचे विद्यार्थी जुन्या गॅझेटियरमधील वर्णनाशी आजच्या परिसराची तुलना करू शकतात.

(ई) घरातील इंधन : विद्यार्थ्याने आपल्या घरी महिन्याला किती गॅस, किती सरपण, किती गोवऱ्या लागतात याची नोंद करावी. १४.२ किलोग्रॅमच्या एका गॅस सिलिंडरच्या ज्वलनातून सुमारे ४२ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. परंतु नोंद येथे थांबू नये. सरपण कोण आणते, किती दुरून आणते, धुरात कोण बसते, सिलिंडर परवडत नाही तेव्हा काय होते, हेही विचारले पाहिजे. पुरा येथील सर्वेक्षणाचा हाच धडा आहे. ज्या घरात अद्याप चूल आहे, त्या घरातील विद्यार्थ्याला या अभ्यासात संकोच वाटणार नाही, उलट त्याची माहिती अधिक मोलाची ठरेल, अशी मांडणी अध्यापकाने करावी.

६. अंमलबजावणी व मूल्यमापन

मोठ्या वर्गाची अडचण गटपद्धतीने कमी होते. १२० विद्यार्थ्यांचे सहा-सहांचे २० गट करून प्रत्येक गटाला एकच प्रश्न व एकच जागा नेमून द्यावी. दूरच्या सहलीची आवश्यकता उरत नाही. त्यामुळे निधीचा प्रश्नही सौम्य होतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या नियमित उपक्रमांशी ही कामे जोडता येतात.

गुणदानाची पद्धत बदलल्याशिवाय मात्र उतरवून काढण्याची सवय जाणार नाही. २५ गुणांपैकी १० गुण दिनांकासह ठेवलेल्या हस्तलिखित नोंदींना, ५ गुण हिशेबाला, ५ गुण तोंडी परीक्षेला आणि ५ गुण त्यावरून केलेल्या सूचनेला द्यावेत, असे सुचविता येईल. एका विशिष्ट आवारातील विशिष्ट आठवड्याची नोंद कोणत्याही दुकानात तयार मिळत नाही. एवढ्या एका गोष्टीने कामाचे स्वरूप पालटते.

नोंदींच्या विश्वसनीयतेबाबतचा आक्षेप रास्त आहे. तो दूर करण्यासाठी मोजण्याचे साधन व वेळ एकच ठेवणे, दोन विद्यार्थ्यांनी स्वतंत्रपणे वाचन घेणे, खाडे झालेल्या दिवशी जागा रिकामी ठेवणे आणि पाऊस नसल्यास शून्य लिहिणे, हे नियम पुरेसे आहेत. ‘शून्य’ आणि ‘नोंद नाही’ यांतील फरक ज्या विद्यार्थ्याला समजला, त्याला संशोधनाच्या प्रामाणिकपणाचा पहिला पाठ मिळाला असे म्हणता येईल.

सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे नोंदवहीचे हस्तांतर. वर्ष संपताच प्रकल्प रद्दीत न जाता ग्रंथालयात जमा व्हावेत आणि पुढील तुकडीने मागील तुकडीची वही पुढे चालवावी. अध्यापक बदलला, अभ्यासक्रम बदलला, तरी वही बदलू नये. अशा रीतीने दहा-पंधरा वर्षांत जिल्ह्यातील महाविद्यालयांकडे पाऊस, पाणी, वीज व वृक्ष यांची जी स्थानिक माहिती जमा होईल, ती ग्रामपंचायतीला, जैवविविधता व्यवस्थापन समितीला आणि पुढील संशोधकाला उपयोगी पडेल.

समारोप

पर्यावरण अभ्यास हा विषय न्यायालयाच्या आदेशाने वर्गात आला. परंतु आदेशाने विषय शिकविला जाऊ शकतो, जिज्ञासा निर्माण करता येत नाही. १९९१ चा निर्णय, २००३ चा अभ्यासक्रम आणि २०२३ ची चौकट या तीन टप्प्यांत आशय समृद्ध होत गेला. मात्र तिबिलिसी परिषदेने सांगितलेली कौशल्ये व सहभाग ही उद्दिष्टे क्षेत्रकार्यावाचून अपुरीच राहतात. त्यासाठी नवा आदेश, नवा विभाग अथवा मोठे अनुदान यांची वाट पाहण्याचे कारण नाही. वीजदेयकांची फाइल कार्यालयात आहे, छत डोक्यावर आहे आणि वृक्ष खिडकीबाहेर उभे आहेत.

हवामानबदलाचा प्रश्न जागतिक असला, तरी त्याची झळ प्रत्येक गावाला वेगळी बसते आणि त्या वेगळेपणाची नोंद त्या गावाबाहेरचा कोणी ठेवणार नाही. ती नोंद ठेवण्यास लागणारे शिक्षित, तरुण आणि दरवर्षी नव्याने येणारे मनुष्यबळ ज्या संस्थेकडे आहे, ती संस्था म्हणजे महाविद्यालय होय. २५ गुणांच्या त्या दुर्लक्षित घटकाकडे या दृष्टीने पाहिल्यास सक्तीचा विषय सार्थकी लागेल.